ठेवायचं की घरी पाठवायचं

पावसाळ्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही मोठ्या बालरुग्ण ओपीडीत सकाळी दहाला गेलात तर पाय ठेवायला जागा नसते. बाकांवर, जिन्यात, केसपेपरच्या खिडकीपाशी आया बसलेल्या, आणि त्यांच्या मांडीवर, कडेवर, खांद्यावर पोरं. कुणाचं नाक गळतंय, कुणी खोकतंय, कुणाला परवापासून जुलाब, कुणी तापानं फणफणलंय. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडून पहिल्या एसटीनं आलेल्यांच्या साड्यांचे काठ अजून ओले असतात. यातली बहुतेक पोरं चार-पाच दिवसांत बरी होणार असतात, औषध द्या अगर न द्या. दोन-चार तशी नसतात, आणि ती रांगेत वेगळी बसलेली नसतात. त्यांचंही नाक गळतच असतं.

ती दोन-चार पोरं ओळखणं हेच बालरोगाचं मुख्य काम आहे, असं इतकी वर्षं हे काम करून आणि शिकवून मला ठाम वाटतं. आमच्याकडे पोस्टिंगला येणारी मेडिकलची मुलं-मुली हुशार असतात. नेफ्रोटिक सिंड्रोम, थॅलेसेमिया, हृदयाचे जन्मजात दोष त्यांना तोंडपाठ असतात, कारण परीक्षेला लाँग केस म्हणून, म्हणजे सविस्तर तपासायचा रुग्ण म्हणून, तेच येतं. सर्दी-खोकला, जुलाब, ताप यांत काय बघायचं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. पण जन्मानंतरचा पहिला महिना पार केलेली आणि पाच वर्षं पूर्ण न केलेली मुलं दगावतात, त्या कारणांत न्यूमोनिया आणि जुलाब आजही वरच्या ओळीत आहेत. दोन्ही ओळखायला महागडं यंत्र लागत नाही आणि दोन्हींवरचं औषध स्वस्त आहे. तरी पोरं जातात. हे मला कधीच सवयीचं झालं नाही, आणि माझ्या विद्यार्थ्यांनाही होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना स्टेथोस्कोप खिशात ठेवायला सांगते. पोर आईच्या मांडीवर आहे तोवर नुसतं बघा. ते तुमच्याकडे बघतंय का? आईच्या मंगळसूत्राशी खेळतंय का? तुम्ही जवळ गेलात की रडतंय का? डॉक्टरला बघून भोकाड पसरणारं, आईला घट्ट बिलगणारं आणि पदराखाली गेल्यावर शांत होणारं पोर मला आवडतं. त्याच्या अंगात जोर आहे. काळजी करायची ती न रडणाऱ्या पोराची. सुई टोचली तरी जे हात मागे घेत नाही, ज्याची मान आईच्या दंडावर सैल पडलीय, ज्याला आजी 'लई शाणं हाय, कायबी तरास न्हाई' म्हणते, त्याला रांगेतून उचलून आधी आत घ्यायचं.

मग चार प्रश्न. पोर पितंय का? प्यालेलं सगळंच उलटून पडतंय का? या आजारात आकडी आली का? गुंगीत आहे का, जागं करूनही डोळे उघडत नाही असं झालंय का? जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नव्वदच्या दशकात बालआजारांच्या उपचाराची जी एकत्रित पद्धत आखली, तिची सुरुवातच या प्रश्नांनी होते. आपल्याकडे नवजात बाळांचा भाग जोडून ती आयएमएनसीआय या नावानं शिकवली जाते. चारांपैकी एकाचंही उत्तर 'हो, बिघडलंय' असं आलं तर ते पोर घरी जात नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र नुसतं ऐकून घेऊ नका. आई म्हणते, 'पेत न्हाई ओ डॉक्टर.' याचा अर्थ नेहमीपेक्षा कमी पितंय असाही असतो आणि ओढायची ताकदच उरली नाही असाही असतो. तिथंच बाळाला पाजायला सांगा, आडोसा करून द्या आणि बघा. नाक चोंदलेलं बाळ ओढतं, सोडतं, चिडतं, पुन्हा ओढतं. खरं आजारी बाळ तोंडात घेऊन तसंच राहतं.

आता श्वास. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. १९८४ साली पापुआ न्यू गिनीमध्ये काम करणाऱ्या फ्रँक शान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोकणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक्स-रे नाही, डॉक्टर नाही अशा ठिकाणी आरोग्यसेवकानं न्यूमोनिया ओळखायचा कसा, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर निघालं ते श्वासाच्या गतीत आणि छाती आत ओढली जाण्यात. त्यातून पुढे जे आकडे ठरले ते प्रत्येक विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारले तरी यायला हवेत. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद.

आकडे सगळ्यांना येतात, मोजणं येत नाही. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारनं गुणायचं ही घाई सगळीकडे चालते. लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. थोडा वेळ भरभर, मग जरा थांबून, मग पुन्हा. पंधरा सेकंदांत दोन श्वास इकडेतिकडे झाले की मिनिटाला आठाचा फरक पडतो, आणि तेवढ्यात न्यूमोनिया हातातून निसटतो किंवा नसलेला गळ्यात पडतो. म्हणून पूर्ण एक मिनिट, घड्याळ समोर धरून. पोर शांत हवं. रडताना किंवा दूध पिताना मोजलेलं धरायचं नाही. झबलं वर करा. छाती आणि पोट जिथं मिळतात तिथं नजर ठेवा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ किंवा जास्त आकडा आला तर पुन्हा एकदा मोजा. तापानंही श्वास वाढतो, तेव्हा ताप उतरल्यावर परत बघा. छातीत घरघर असेल तर स्पेसरमधून, म्हणजे पंपाला जोडायच्या नळकांड्यातून, श्वासनळ्या मोकळ्या करणारं साल्ब्युटामॉल देऊन मग मोजा.

आई सांगते, 'पोट उडतंय.' हे ऐकलं की पोराचं अंग उघडं करून बघायचंच. श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग बाहेर यायच्या ऐवजी आत जातोय का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, हे कपड्यांवरून कधीच कळत नाही. आपल्याकडे पावसात आणि थंडीत पोर कुंची, स्वेटर, वर दुपटं अशा तीन-चार थरांत गुंडाळलेलं असतं. ते सगळं काढायला वेळ लागतो, आई नको म्हणते, मागची रांग कुरकुरते. तरी काढायचं. नुसता श्वास जलद, बाकी पोर पितंय, हसतंय, तर तोंडावाटे अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक देऊन घरी पाठवता येतं आणि दोन दिवसांनी परत बघता येतं. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली असेल, किंवा धोक्याची कुठलीही खूण असेल, तर ऑक्सिजन लावून ठेवून घ्यायचं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळात सर्दीनंतर दोन-तीन दिवसांनी घरघर आणि धाप सुरू झाली तर ब्राँकिओलायटिसचा, म्हणजे बारीक श्वासनळ्यांना येणाऱ्या सुजेचा, विचार आधी करायचा. बहुतेक वेळा तो आरएसव्ही नावाच्या विषाणूनं होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तो वाढतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आलेल्या बाळाच्या आईला 'अजून दोन दिवस वाढू शकतं' हे सांगणं उपचाराइतकंच महत्त्वाचं.

साध्या सर्दी-खोकल्याला खोकल्याचं औषध लिहायचा हात आवरा. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधानं लहान मुलांचे मूत्रपिंड निकामी होऊन जीव गेले. ती पोरं आली होती साध्या खोकल्यासाठी. ज्या औषधानं फायदा नाही, त्यासाठी पोराला एवढा धोका पत्करायला लावायचा नसतो. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, आणि पोर एक वर्षाच्या पुढचं असेल तर चमचाभर मध पुरे. एक वर्षाच्या आत मध नाही, कारण त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो. बाळ जन्मल्याबरोबर मध चाटवायची रीत अजून घराघरांत आहे. आजीशी वाद न घालता, पण स्पष्टपणे हे सांगावं लागतं.

जुलाबाकडे वळते, कारण पुराच्या वर्षांत आम्ही तेच जास्त पाहिलं. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगा गावांत शिरली, पाणी उतरल्यावर विहिरी आणि बोअर गढूळ झाले. अशा वेळी प्रत्येक नातेवाईक एकच मागतो, 'सलाईन लावा.' जी पोरं पिऊ शकतात त्यांना सलाईनची गरज नसते, हे पटवणं विद्यार्थ्यांना अवघड जातं. मग मी त्यांना १९७१ सालची गोष्ट सांगते. बांगलादेश युद्धातले निर्वासित सीमेवरच्या बनगावला येत होते, छावणीत कॉलरा पसरला होता, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजच्या पुड्या करायला लावल्या, पाण्यात मिसळून, म्हणजे आज ज्याला ओआरएस म्हणतो तसं द्रावण करून, पिंपांत भरल्या आणि पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. प्रत्येक वॉर्डात त्यांचा फोटो असायला हवा असं मला वाटतं.

शोष किती पडलाय, म्हणजे अंगातलं पाणी किती कमी झालंय, ते बघायला डोळे, तहान आणि पोटावरची कातडी. डोळे खोल गेलेत का, हे आईलाच विचारा. तिला पोराचे रोजचे डोळे माहीत असतात. पाणी पुढे केलं की पोर वाटीवर झडप घालतंय का, की घोटही घेत नाही? बेंबी आणि कुशीच्या मधोमध चिमटा घेऊन सोडला की घडी लगेच जाते, सावकाश जाते, की दोन सेकंदांहून जास्त राहते? चिडचिडं, तहानलेलं, डोळे खोल गेलेलं पोर असेल तर वजनाच्या किलोमागे ७५ मिलीलिटर ओआरएस चार तासांत, आपल्या नजरेसमोर, वाटी-चमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. निपचित आणि पिऊ न शकणाऱ्या पोराला मात्र शिरेतून, आणि तेही ताबडतोब: किलोमागे १०० मिलीलिटर, त्यातले पहिले ३० एक वर्षाच्या आतल्या बाळाला एका तासात आणि मोठ्याला अर्ध्या तासात. अंगावर मांस नसलेल्या कुपोषित पोराला हा हिशेब लागू नाही. त्याला भराभर सलाईन सोडलं तर हृदयावर ताण येतो, म्हणून दंडाचा घेर आधी मोजा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर वेगळ्या वाटेनं जायचं.

घरी पाठवताना ओआरएसचं पाकीट हातात देऊन काम होत नाही. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात एकदम मिसळायचं असतं. घरी ते पेलाभर पाण्यात चमचा-चमचा टाकलं जातं आणि द्रावण खारट, दाट होतं. त्यानं जुलाब वाढतात. घरातला तांब्या लिटरचा नसतो. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली जवळजवळ प्रत्येक घरात असते, ती दाखवून सांगा. केलेलं द्रावण चोवीस तासांनी ओतून द्यायचं. दुकानात मिळणाऱ्या गोड पेयांच्या डब्यांवर ओआरएस लिहिलेलं असायचं, हैदराबादच्या डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते नाव वापरायला मनाई केली. एका बालरोगतज्ज्ञ बाईनं चिकाटीनं केलेलं हे काम मला फार मोठं वाटतं.

त्याबरोबर झिंक, सहा महिन्यांच्या पुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्या फळीवर राहतात, तेव्हा चौदा दिवस का ते सांगा: पुढचे काही महिने जुलाब पुन्हा होण्याचं प्रमाण कमी होतं. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं, मऊ भात, पेज, वरण द्यायचं. पोट रिकामं ठेवायचं नाही. शौचात रक्त असेल तरच अँटिबायोटिक. पाण्यासारख्या जुलाबाला नको, आणि जुलाब बंद करायची गोळी लहान मुलाला कधीच नको.

तापाची घबराट हेच मोठं दुखणं आहे. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानं, आणि तेही पोर किरकिर करत असेल तर. इथं एक चूक जिवावर बेतू शकते. तान्ह्या बाळांचे ड्रॉप्स एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅमचे असतात आणि साधं सिरप पाच मिलीलिटरला सुमारे १२०चं. सिरपच्या मापानं ड्रॉप्स दिले तर चौपट औषध पोटात जातं. म्हणून आईनं आणलेली बाटली हातात घेऊन वाचा, सिरिंजवर पेनानं खूण करा.

तापात आकडी आली की घरचे हादरून जातात. पोर गेलं असंच त्यांना वाटतं. कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, दातांत चमचा घालतात. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापाची आकडी शंभरात दोन ते पाच मुलांना येते. पंधरा मिनिटांच्या आत थांबली, सगळ्या अंगाला आली, चोवीस तासांत एकदाच आली आणि नंतर पोर पूर्ण शुद्धीवर आलं तर मेंदूला इजा होत नाही. एका कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. पण मान ताठ आहे, टाळू फुगलीय, पोर भानावर येत नाही, तर ती साधी तापाची आकडी नाही. मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाला आलेली सूज, समजून पुढे जायचं.

पावसाळ्यानंतरच्या डेंग्यूत उलटंच असतं. ताप उतरतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमकं त्याच दिवशी रक्तातलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. पोटात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, गार हातपाय, सुस्ती, हिरड्यांतून रक्त, कमी लघवी. ताप गेलेल्या पोराला परत आणायला सांगणं आईला विचित्र वाटतं, म्हणून ते दोनदा सांगावं.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाबद्दल मी थोडक्यात आणि कडक बोलते. ताप असो वा अंग गार पडलेलं असो, दूध कमी झालेलं असो, ते बाळ घरी नाही जायचं.

हे सगळं पुस्तकात आहे. एक गोष्ट पुस्तकात ठळक नाही, ती म्हणजे पोर राहतं कुठं. शहरात राजारामपुरीत राहणाऱ्या पोराचा आणि गगनबावड्याच्या वाडीवरच्या पोराचा श्वास मिनिटाला सारखाच ५२ असू शकतो. पहिल्याची आई रात्री बाराला रिक्षानं येईल. दुसऱ्याचं गाव पन्नासेक किलोमीटरवर, त्यापुढे वाडीपर्यंत चिखलातून चाल, आणि संध्याकाळनंतर गाडी नाही. दिवाळीनंतर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची गोष्ट आणखी वेगळी. पाचटाच्या कोपीत चुलीचा धूर, रात्री फडावरची थंडी, आई-बाप पहाटे अंधारात तोडीला गेलेले आणि तान्हं बाळ आठ वर्षांच्या बहिणीकडे. दिवसातून दोनदा अमॉक्सिसिलिन द्यायचं कुणी? धाप वाढली हे ओळखायचं कुणी? लसीचं कार्ड गावाकडे राहिलेलं असतं, त्यामुळे न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकलची आणि पाच आजारांवरची पेंटाव्हॅलंटची लस झालीय की नाही तेही कळत नाही.

म्हणून केसपेपरवर गाव, वाहन, घरी कोण असतं हे लिहायला मी विद्यार्थ्यांना लावते. घरी पाठवायचं असेल तर परत कधी यायचं ते सांगून झाल्यावर आईकडूनच ऐकून घ्यायचं. 'कळलं का' असं विचारलं की सगळ्या आया मान डोलावतात. 'घरी सासूबाईंना काय सांगणार?' असं विचारलं की काय पोचलं, काय राहिलं ते समोर येतं. 'पेणं सोडलं, पोट उडाया लागलं, निपचित पडलं तर रात असली तरी यायचं,' एवढं तिच्या तोंडून आलं की तिला जाऊ द्या. आशाताईंना फोन करा, त्या तिसऱ्या दिवशी घरी जाऊन बघतात.

आणि शेवटची गाडी गेली असेल तर पोर ठेवून घ्या. खाटा कमी असतात, हे मलाही दिसतं. पावसाळ्यात एका खाटेवर दोन पोरं असतात, रात्रपाळीच्या सिस्टर दमलेल्या असतात, वरिष्ठ विचारतात की साध्या न्यूमोनियाला भरती कशाला केलं. विद्यार्थी गप्प होतात. गप्प होऊ नका. भरतीच्या कारणात 'घर लांब, रात्री परत आणता येणार नाही' असं स्वच्छ लिहा आणि खाली सही करा. विचारलं तर मोजलेला श्वास सांगा, गावाचं नाव सांगा, शेवटच्या एसटीची वेळ सांगा. मी तुमच्या मागे उभी आहे.